सात माणसं आणि एक शेळी

आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती माझ्यासाठी होती. पंच म्हणायचे, "रेडिओबाई, विजेचं बिल तुमच्या पगारातून कापायला हवं. माझं काम अंधारातही होतं." हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की मी हसायचंच सोडून दिलं होतं, आणि मी हसत नाही म्हणून ते तो पुन्हा पुन्हा करायचे.

ब्रेल पुस्तकांचा छापखाना होता आमचा. मशीनवाला पत्र्यावर ठिपके उठवायचा, त्या पत्र्यावरून जाड कागदावर एक कच्ची प्रत काढायचा आणि ती तपासायला आमच्याकडे यायची. मी मूळ छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट, आणि समोर बसलेल्या पंचांनी त्याच वेळी कच्च्या प्रतीवरून बोटं फिरवायची. माझं तोंड आणि त्यांची बोटं जोडीने चालायची. कुठे ठिपका चुकला, शब्द गळला, की ते डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या हाडाने टेबलावर मारायचे. टक. मी थांबायचे. ते चूक सांगायचे, मी टिपून घ्यायचे. मग ते म्हणायचे, "पुढे," की गाडी पुन्हा चालू.

पंच जन्मापासून आंधळे. 'दृष्टिहीन' हा शब्द आमच्या मॅनेजरचा. पंचांना तो आवडायचा नाही. "हीन वगैरे काही नाही हो, मी साधा आंधळा आहे," असं ते मॅनेजरला तोंडावर सांगायचे. त्यांना पंच म्हणायला सुरुवात केली मशीनवाल्याने. तो प्रत्येक चुकीवर भांडायचा, पत्रा घेऊन तावातावाने वर यायचा, आणि दर वेळी पंचांचंच खरं निघायचं. शेवटी त्याने हात टेकले. पंचांनी बाद दिलं म्हणजे बाद.

मला रेडिओ हे नाव पंचांनी दिलं. मी नोकरी मागायला आले तेव्हा माझी परीक्षा त्यांनीच घेतली होती. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं, एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट. आंधळ्यांच्या शाळेत असताना त्यांच्या मास्तरांनी ते अख्खं पुस्तक हाताने, एकेक ठिपका टोचून, त्यांच्यासाठी तयार केलं होतं. त्याची छापील प्रत माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "वाचा." मी घाबरलेली.  पहिलंच वाक्य वाचलं: "त्या वर्षी बेटावर आम्ही सहा माणसं होतो." टक. "सात," पंच म्हणाले. "आणि शेळीला गाळू नका. ती पुढे फार महत्त्वाची आहे." मी नीट बघितलं. "त्या वर्षी बेटावर आम्ही सात माणसं होतो आणि एक शेळी," असं होतं ते. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, "आवाज खणखणीत आहे. उद्यापासून या." त्यानंतर अठरा वर्षं मी रोज त्यांच्यासमोर बोलत आले. घरी गेल्यावर माझा नवरा म्हणायचा, "आता रेडिओ बंद का?" आणि खरंच घरी मला बोलायचं त्राण नसायचं.

मग पंचांना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, त्यानंतर सहा महिने सलाइनमधून औषध. मधून मधून मी भेटायला जायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्याही आंधळ्या. बँकेत टेलिफोनवर बसून निवृत्त झालेल्या. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेली असायची आणि पंच हातमोजे घालून असायचे. थंड काही लागलं की सुया टोचल्यासारखं होतं म्हणायचे. नळाचं पाणी नको, स्टीलचा पेला नको, दाराची कडी नको. वहिनी त्यांना प्रत्येक वस्तू आधी स्वतःच्या हातात धरून, ऊब देऊन पुढे करायच्या. मला ते बघवायचं नाही. पण पंच म्हणायचे, "औषध गुणी आहे, फक्त स्वभावाने तिखट आहे. तुमच्यासारखं." मी म्हणायचे, "मग बरे व्हालच."

आणि झाले बरे. रिपोर्ट स्वच्छ आला. ते कामावर आले त्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये जमवलं, बिस्किटं आणली आणि भाषण केलं. "पंचांनी आजाराला हरवलं," असं तो म्हणाला. पंच म्हणाले, "हरवलं कसलं. त्यानेच सोडून दिलं मला. बेचव लागलो असेन." सगळे हसले. मीही हसले, आणि डोळेही पुसले, कारण माणूस अर्धा झाला होता. कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती.

वर खोलीत आलो, बसलो. मी वाचायला लागले. त्यांची बोटं कागदावरून फिरायला लागली आणि मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं झालं. वेडी मी.

पहिल्या आठवड्यात टक आलीच नाही म्हटलं तरी चालेल. मला वाटलं, मशीनवाला सुधारला. एकदोनदा आली तेव्हा पंच म्हणाले, "इथे ठिपका पुसट आहे." मी वाकून बघितलं तर मला ठिपका चांगला ठसठशीत दिसत होता. पण माझे डोळे आणि त्यांची बोटं, यात मी डोळ्यांवर कशाला विश्वास ठेवते? टिपून घेतलं. मशीनवाला पत्रा घेऊन वर आला, कुरकुरला, पण पंचांसमोर बोलला नाही. आजारातून उठलेल्या माणसाशी कोण भांडणार?

मग एक दिवस ते बाथरूमला जाऊन आले आणि खुर्चीत बसले. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर जिन्यापाशी पडलेली. एक पाय उघडा आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. मी उठले, चप्पल आणली आणि त्यांच्या पायाजवळ ठेवली. नंतर म्हटलं, "चप्पल निघालीय तुमची." ते म्हणाले, "हो, उकडत होतं." बाहेर एवढा गारठा होता की मी शाल घेऊन बसले होते.

त्यानंतर कागदावर डाग दिसायला लागले. बारीक, तपकिरी, ओळीच्या ओळीवर. मी आधी चहाचे समजले. एकदा डाग ओला होता तेव्हा नीट बघितलं.

"पंच, बोट कापलंय तुमचं."

"असं?" ते म्हणाले. "कुठलं?"

 ज्या माणसाला कागदावरची मिठाची कणी लागायची, तो मला विचारत होता, कुठलं बोट.

"उजव्या हाताचं. पहिलं."

"दाढी करताना लागलं असेल."

"दाढी बोटाने करता?"

"रेडिओबाई," ते म्हणाले, "पान काय माझ्या दाढीचं आहे का? वाचा."

वाचलं मी. पण आता माझं एक लक्ष पुस्तकात आणि एक त्यांच्या हातांवर असायचं. पूर्वी त्यांची बोटं कागदावरून जायची तेव्हा आवाज यायचा नाही. आता यायचा, घासल्यासारखा. आणि पूर्वी बोटं माझ्या आवाजाच्या किंचित पुढे असायची. मी शब्द उच्चारायच्या आधी ते त्या शब्दावर पोचलेले असायचे, म्हणून तर मी अडखळले की ते हसायचे. आता बोटं माझ्या मागून येत होती. मी थांबले की ती थांबायची. मी भरभर वाचलं की ती भरभर सरकायची.

तरी मी स्वतःला समजावत राहिले. माणसाला वेळ लागतो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे, हातांचा त्रास हळूहळू जाईल.

मशीनवाल्याची एक पद्धत होती. धडा संपला की गठ्ठ्यात खुणेसाठी एक कोरा कागद घालायचा. पंचांच्या हाताखाली तो आला की ते तो नुसत्या बोटाच्या झटक्याने बाजूला सारायचे, मला त्याची दखलही घ्यावी लागायची नाही. त्या दिवशी मी नवा धडा वाचायला घेतला. मान खाली, लक्ष पुस्तकात. डोळे दुखत होते म्हणून वर बघायचं टाळत होते. पान संपलं, मी श्वास घ्यायला थांबले आणि समोर बघितलं.

पंचांचे दोन्ही हात एका कोऱ्या कागदाच्या तळाशी पोचले होते. वरपासून खालपर्यंत, माझ्या आवाजाबरोबर, ओळीमागून ओळ ते त्या कागदावरून फिरले होते. कागदावर काही म्हणजे काही नव्हतं.

"पुढे," ते म्हणाले.

 खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. ते वाट बघत होते, मान जराशी तिरकी करून, जशी ते नेहमी करायचे.

"घसा बसला का?" त्यांनी विचारलं.

"पाणी पिते," मी म्हटलं, आणि टेबलावर वाकताना तो कागद हळूच काढून घेतला.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नव्हतं, याची चर्चा मला कुणाशी करायची नाही. त्या खोलीत मी होते, तुम्ही नव्हता. ते पुस्तक गोष्टींचं होतं, लहान मुलांचं. मी ठरवलं, हे पुस्तक मी निभावून नेईन. तोवर बोटं परत येतील.

इतक्या वर्षांत मला ठिपक्यांची ओळख झाली होती, पण डोळ्यांनी. पंच यावर फार चेष्टा करायचे. डोळ्यांनी ब्रेल वाचणं म्हणजे कानाने भाजीची चव घेणं, असं म्हणायचे. संध्याकाळी ते गेले की मी थांबायला लागले. सूर्य उतरला की खिडकीतून तिरका उजेड यायचा आणि प्रत्येक ठिपक्याला छोटीशी सावली पडायची. त्या सावल्या मी छापील पुस्तकाशी ताडून बघायचे. डोळ्यांत तेल घालून, अक्षरशः पाणी येईपर्यंत. चूक सापडली की लक्षात ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आले की आवाज जरा ओढायचा.

पहिल्यांदा असा आवाज ओढला तेव्हा पंचांची बोटं थबकली. चेहरा होता तसाच राहिला. मग डावा हात उचलला गेला. टक.

"इथे शब्द गळलाय," ते म्हणाले. अंदाजाने म्हणाले, आणि बरोबर निघालं.

"हो. गळलाय," मी म्हटलं आणि टिपून घेतलं.

म्हणजे त्यांना कळलं होतं, मला कळलंय ते. आणि आम्ही दोघं तसेच बसून काम करत राहिलो. रोज माझा आवाज ओढला जायचा आणि रोज टक यायची. मशीनवाला खूश. "पंच रुळावर आले," म्हणाला. मॅनेजर म्हणाला, "आता पूर्वीसारखं बोट ठेवायला जागा नाही." मला या सगळ्यांचा राग यायचा, पंचांचाही यायचा. दोन माणसांचं काम करून माझं डोकं ठणकत होतं आणि हा माणूस बसल्या जागी टक टक करत होता. मग त्यांच्या हातांकडे लक्ष जायचं. बोटांच्या टोकांची कातडी सोललेली, लाल झालेली असायची. राग कुठल्या कुठे जायचा.

गोष्टींचं पुस्तक पार पडलं. त्यानंतर मॅनेजर एक पातळ पुस्तिका घेऊन वर आला. मधुमेह झालेल्या आंधळ्या लोकांसाठी होती. इन्सुलिन स्वतःचं स्वतः कसं टोचून घ्यायचं, साखर किती असली तर किती युनिट, जेवणाआधी किती, आजारी असताना किती. पानापानावर आकडे. मॅनेजर म्हणाला, "हे नाजूक काम आहे. पण पंच बघणार म्हटल्यावर मला काय काळजी?"

त्या संध्याकाळी मी कच्ची प्रत घेऊन खिडकीत बसले. ही पुस्तिका कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली होती. एका बाजूचे ठिपके वर आलेले, दुसऱ्या बाजूचे खड्डे त्यांच्या मधोमध. बोटाला खड्डा लागत नाही, नुसता उंचवटा लागतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ब्रेलमध्ये आकड्याआधी एक खूण असते, आणि चार आणि पाच यांच्यात एका ठिपक्याचा फरक असतो. मी एकच आकडा तीनदा बघितला आणि तीनदा वेगळा वाटला. मग ढग आले आणि सावल्याच गेल्या. कुणीतरी एकटी बाई आपल्या स्वयंपाकघरात बसून हे पान बोटांनी वाचेल आणि त्याप्रमाणे स्वतःला सुई टोचेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी गठ्ठा बंद केला.

सकाळी पंच आले, बसले, हात कागदावर ठेवले. मी दार लावून घेतलं.

"हे मी नाही करणार, पंच."

"काय नाही करणार?"

"माझ्या डोळ्यांना हे झेपत नाही. गोष्टीत ससा चुकून दोनदा आला तर कुणी मरत नाही. हे औषध आहे."

त्यांनी हात कागदावरून काढून घेतले. मग म्हणाले, "त्या दिवशी कोरं पान होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच. तुमचा घसा कधी बसत नाही." ते जरा हसले. "अख्खं फिरलो मी त्याच्यावरून?"

"अख्खं."

"एक महिना द्या मला, रेडिओबाई. परत येतंय. काल अंगठ्याला कापड कळलं."

"डॉक्टरांना सांगितलंत का?"

"डॉक्टर!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "दर वेळी विचारायचे, शर्टाची बटणं लावता येतात का? मी लावून दाखवायचो. का नाही येणार? तीन वर्षांचा असल्यापासून न बघता लावतोय. नखं आहेत, सवय आहे, मेलो तरी लावीन. ते म्हणायचे, वा, म्हणजे त्रास किरकोळ आहे. वाचता येतं का, असं आंधळ्याला कोण विचारणार? त्यांच्या डोक्यातच ते आलं नसेल."

"मग तुम्ही सांगायचं होतंत."

"हॉस्पिटलात बाजूच्या खुर्चीत एक ट्रकवाला असायचा, त्यालाही तेच औषध. त्याने मुंग्यांची तक्रार केली तर त्याचं औषध कमी केलं. मला वाटलं, औषध कमी म्हणजे तेवढं आयुष्य कमी. हिला एकटीला टाकून जायचं का, दोन बोटांसाठी? म्हटलं, थोडं बधिर होईल, मग येईल परत. औषध बंद झाल्यावर उलट वाढत गेलं." त्यांनी हात उलटे करून टेबलावर ठेवले. "आधी सुया टोचायच्या, तेव्हा निदान बोटं आहेत हे कळायचं. आता मोजे घातल्यासारखं आहे, आणि ते मोजे निघत नाहीत."

 मी म्हटलं, "जगलात, हे काय कमी आहे?" आणि म्हटल्याबरोबर मला माझीच लाज वाटली. बिस्किटं वाटणारा मॅनेजर आणि मी, यात काय फरक उरला?

"कमी नाही," ते म्हणाले. "रोज सकाळी उठून मी तेच म्हणतो."

मग त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्यांनी कच्च्या प्रतीचं पहिलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाजवळ नेलं. ओठ कागदाला लावले. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, डोकं सरकवत ते खालच्या ओठाने ओळ चाचपत गेले. एवढा मानी माणूस. मशीनवाल्याने आवाज चढवला तर खुर्चीतून न उठता त्याला गप्प करणारा. मला वाटलं तोंड फिरवावं. मग वाटलं, त्यांना कळणार नसलं तरी आपण तोंड फिरवायचं नाही.

"आकड्याची खूण आहे," ते कागदाआडून म्हणाले.

मी पुस्तकात बघितलं. "आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. लागतंय, ओठांना लागतंय, म्हणजे अजून काही गेलेलं नाही, असं मला वाटलं. ते पुढच्या खुणेवर ओठ ठेवून थांबले, मागे आले, पुन्हा गेले. श्वासाने कागद ओलसर व्हायला लागला होता.

"चार," ते म्हणाले. मग, "नाही. पाच." पुन्हा ओठ टेकवले. "चार किंवा पाच."



त्यांनी पान खाली ठेवलं, रुमाल काढून तोंड पुसलं, रुमालाची घडी केली. घडी करायला त्यांना फार वेळ लागला.

"पंचाने 'किंवा' म्हणायचं नसतं," ते म्हणाले. "चला, मला खाली घेऊन चला. जिन्याच्या पायऱ्या कळत नाहीत हल्ली."

मॅनेजरशी ते स्वतःच बोलले. मी बाहेर उभी होते. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याने त्यांना टेलिफोनवर बसायला सांगितलं, सल्लागार म्हणून नाव ठेवू म्हणाला. पंच म्हणाले, विचार करतो. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या जागी एक बाई आल्या, वाचन चांगलं आहे त्यांचं. चूक सापडली की तोंडाने सांगतात.

महिन्याभराने मी पंचांच्या घरी गेले. जाताना वाचनालयातून दीपगृहाच्या गोष्टीची छापील प्रत घेतली. मनात असं होतं की आता मी वाचावं आणि त्यांनी नुसतं ऐकावं, त्यात काय कमीपणा?

दार वहिनींनी उघडलं. पंच आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते, अंगावर घडीचा शर्ट, सगळी बटणं नीट लावलेली. मांडीवर मास्तरांनी टोचून दिलेलं ते जाडजूड पुस्तक, बंद. मला म्हणाले, "या रेडिओबाई, नवा पंच कसा आहे?" मी म्हटलं, "टक करत नाही." ते हसले नाहीत. मी बोलत राहिले, मशीनवाल्याचं, मॅनेजरचं. ते हो-हो म्हणत राहिले.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. चहाचं निमित्त होतं. त्यांनी गॅस पेटवला, भांडं ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पूर्वी हे वाचायचे ते मला ऐकू यायचं नाही. शेजारी बसले तरी नाही. आता भिंतीपलीकडून ऐकू येतं. दिवसभर खरवडत बसतात. पॉलिश पेपरने बोटं घासतात, म्हणजे कातडी पातळ होईल, आणि मग वाचायला बसतात. पहिलं पान. पहिल्या पानाच्या पुढे जात नाहीत. मला म्हणतात, आज दोन ओळी लागल्या. मी म्हणते, छान."

"मग लागत असेल, वहिनी."

"काल हे अंघोळीला गेले तेव्हा मी ते पुस्तक घेतलं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या पानावर हात फिरवला. दाबून दाबून, घासून घासून सगळे ठिपके बसलेत. सपाट झालंय पान. माझी बोटं चांगली आहेत ना, बाई? मलाही काही लागलं नाही." त्यांनी चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती एकच प्रत होती. यांना मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका."

मी बाहेर आले आणि पंचांसमोर बसले. छापील पुस्तक उघडलं.

"तुमचं दीपगृह आणलंय," मी म्हटलं. "वाचू?"

"वाचा," पंच म्हणाले. त्यांनी मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात समोरच्या टेबलावर ठेवले. डावा हात अर्धवट मिटलेला, मधलं बोट जरा पुढे, जसा तो नेहमी असायचा. मला एकदम सुचलं. या पानासाठी त्यांना बोटांची गरज नव्हती. हे त्यांना झोपेतही पाठ होतं.

मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "त्या वर्षी बेटावर आम्ही सहा माणसं होतो."

आणि थांबले.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज होत होता, तोही बंद झाला. वहिनीही थांबल्या होत्या. मी पंचांच्या डाव्या हाताकडे बघत होते. बोट हललं. टेबलापासून जरा वर आलं आणि तसंच राहिलं.  मारा, पंच, मी मनात म्हणत होते. सात म्हणा. शेळी म्हणा. माझी अक्कल काढा.

बोट खाली आलं आणि उरलेल्या बोटांच्या शेजारी गपचूप टेकलं.

"पुढे," ते म्हणाले.

मी पुढची ओळ वाचायला घेतली.